आखाजीचे पाहुणे आणि परसबागेचे पाणी

वैशाख शुद्ध तृतीयेस खानदेशात आखाजी म्हणतात. हा सण बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येतो. सासुरवाशिणी मुलाबाळांसह माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावे घागर भरली जाते व घरोघर सांजोऱ्यांची तयारी चालते. शाळांना सुटी लागली की मामाच्या घरचा मुक्काम आणखी लांबतो. सहा माणसांच्या घरात बारा-चौदा पाने वाढावी लागतात. नेमक्या याच दिवसांत जळगावकडील उन्हाचा पारा 42 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, विहिरी तळाला जातात, आणि माघात हौसेने लावलेले परसातील वेल माना टाकतात. ज्या महिन्यात घराला भाजीची सर्वांत अधिक गरज, त्याच महिन्यात परसबाग वाळून जाते. "प्यायलाच पाणी नाही, वेलांना कोठून घालावे?" असे घरची बाई म्हणते. तिचे म्हणणे खोटे नसते, कारण ते पाणी पुष्कळदा तिच्याच डोक्यावरून आलेले असते. म्हणून ग्रामकार्यकर्त्याने परसबागेचा उपदेश करण्यापूर्वी घरात आलेले पाणी जाते कोठे, हे आधी पाहावे.

हिशेब सोपा आहे. एका माणसाच्या आंघोळीस एक बादली, म्हणजे सुमारे 15 लिटर पाणी धरले, तर आठ पाहुण्यांच्या आंघोळीचेच 120 लिटर पाणी रोज मोरीतून बाहेर पडते. भर उन्हाळ्यात भाजीच्या एक चौरस मीटर जागेस दिवसाला ढोबळ मानाने 8 लिटर पाणी लागते. म्हणजे पाहुण्यांच्या स्नानाच्या पाण्यावर 15 चौरस मीटरांचा वाफा जगू शकतो. पाहुणे वाढले म्हणून बाग वाळते असे आपण समजतो. वास्तविक पाहुण्यांबरोबर बागेचे पाणीही वाढलेले असते. ते रस्त्यावर चिखल करते व डास पोसते, एवढेच.

हे पाणी वापरताना मात्र तारतम्य हवे. आंघोळीचे पाणी मोरीलगत हातभर खोल खड्ड्यात, खडी व वाळूच्या थरातून जाऊ द्यावे व तेथून चर काढून आळ्यात सोडावे. ते साठवून ठेवू नये. दुसऱ्या दिवशी त्याला घाण सुटते. कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी भाजीला देऊ नये. त्यातील सोडियममुळे काळी जमीन चोपण होते, वाळल्यावर दगडासारखी घट्ट बनते व पुढे पाणी मुरू देत नाही. असे पाणी टाकणे भागच असेल तर भाजीच्या आळ्यांपासून दूर टाकावे व जागा बदलत राहावी. कोथिंबीर, पुदिना यांसारखी कच्ची खाण्याची पाने असतील तेथे सांडपाणी मुळीच नको. त्यांना चांगले पाणीच द्यावे. इतर आळ्यांनाही आठवड्यातून एकदा स्वच्छ पाणी दिलेले बरे.

आखाजीस नवा माठ घरात येतो व जुना माठ कोपऱ्यात पडतो. त्याचा उत्तम उपयोग म्हणजे तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरून भोवती तीन-चार वेल घेणे. पाणी झिरपून थेट मुळांशी पोहोचते आणि उन्हात उडून जात नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुना माठ पाणी गार करीनासा होतो, कारण त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. तो जमिनीतही झिरपणार नाही. यासाठी पुरण्यापूर्वी माठ बाहेरून-आतून काथ्याने घासावा, भरून रात्रभर ठेवावा व सकाळी बाहेरील अंग ओलसर लागते की नाही हे हाताने पाहावे. कोरडे लागल्यास बुडाशी बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवावी. माठात सांडपाणी घालू नये, तोंड मात्र झाकून ठेवावे.

आळ्यावर गव्हाचे काड किंवा केळीची वाळलेली पाने चार बोटे जाड पसरावीत. पाणी पुष्कळ वाचते. सावलीच्या मांडवास तुराट्या घ्याव्यात. पऱ्हाट्या सहज मिळतात खऱ्या, पण त्यांवरील न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते व परसातून पुन्हा शेतात जाते.

पाणी असूनही दुधीला फळ धरत नाही, ही तक्रार या दिवसांत नेहमीची. कडक उन्हात वेलावर नरफुले अधिक येतात व मादीफुले थोडी. त्यातून परागीभवन न झाल्यास कोवळे फळ पिवळे पडून गळते. हे काम पाहुण्या मुलांवर सोपवावे. दुधीची पांढरी फुले सायंकाळी उमलतात. ज्या फुलाखाली बोटाएवढी इवली दुधी दिसते ते मादीफूल. नुसत्या बारीक देठावरचे नरफूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा मधला भाग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. दोडक्यालाही सायंकाळीच, काकडी व कारल्याला मात्र सकाळी. एकदा दाखवले की मुले हे काम मोठ्यांपेक्षा नीट करतात. आपण धरवलेली दुधी रोज मोजण्याचा उत्साहही त्यांनाच असतो.

भेंडी एक दिवसाआड तोडावीच. पाहुण्यांच्या गडबडीत राहिली की ती निबर होते आणि झाड नवे फळ देण्यात मंदावते. फळमाशीचा डंख बसलेली फळे उकिरड्यावर न टाकता हात-दीड हात खोल पुरावीत.

शेवगा, पपई, लिंबू यांचे खड्डेही याच महिन्यात खोदून उन्हात तापू द्यावेत. लिंबासाठी खड्डा 1 मीटर लांब, रुंद व खोल असावा. घरात चार हात जास्तीचे असताना ते काम उरकते. मृगाच्या तोंडावर पेरणीच्या घाईत कोणी खड्डा खणत नाही.

लेक सासरी निघताना ओटीबरोबर बियांची पुरचुंडी देण्याची चाल अनेक घरांत आहे. ती अवश्य पाळावी, परंतु वेल संकरित वाणाचा असेल तर त्याचे बी देऊ नये. पुढच्या पिढीत आईच्या वेलासारखे फळ येत नाही व लेकीचा हंगाम फुकट जातो. देशी वाणाच्या निरोगी वेलावरील एखादे चांगले फळ आजच राखून ठेवावे व वेलावरच पूर्ण वाळू द्यावे. आखाजीपर्यंत ते तयार झाले नाही, तर मागील वर्षाचे सावलीत वाळवून राखेत ठेवलेले बी द्यावे. मात्र त्यातील दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून आधी उगवून पाहावेत. सात-आठ उगवले तर बी चांगले समजावे.