केस राखणारी वेणी



गेल्या सत्रात आठवीच्या वर्गात आफ्रिका खंडाचा पाठ चालू असताना एका नायजेरियन मुलीचे चित्र फळ्याशेजारी लावले होते. कपाळापासून मानेपर्यंत डोक्याला चिकटलेल्या बारीक बारीक वेण्या, शेतात सऱ्या पाडाव्यात तशा. वर्गात हशा पिकला. एकाने विचारले, "बाई, हे लोक केस विंचरत नाहीत का?" प्रश्नात खोडी नव्हती, पण आमच्यापाशीही त्या दिवशी नीट उत्तर नव्हते. ते शोधून येथे देत आहोत.

केस टाळूतील ज्या कूपातून उगवतो तो सरळ असला की केस सरळ येतो. आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांत हा कूप वळलेला असतो आणि केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. म्हणून केस स्प्रिंगसारखा वेटोळे घेत वाढतो. टाळूतून सुटणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. वेटोळ्यांवरून उतरत नाही. टोके कोरडी राहतात, प्रत्येक वळण कच्चे असते आणि रोज कंगवा ओढला की केस तेथेच तुटतो. तेव्हा वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर असे की रोज विंचरत नाहीत, कारण रोज विंचरण्यानेच त्या केसाचे नुकसान होते.

यावर आफ्रिकेतील बायकांनी पिढ्यान् पिढ्या काढलेला उपाय म्हणजे वेणी. केस धुवायचे, ओलसर असतानाच तेल किंवा लोणी लावायचे, बोटांनी किंवा रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवायचा, मग भांग पाडून एकेक वेणी घालायची. डोक्याला चिकटून जाणारी वेणी आपल्या सागरवेणीच्या (इंदुरात कोणी सागर चोटीही म्हणतात) जवळची आहे. प्रत्येक पेडाबरोबर खालचे थोडे केस उचलत जायचे. फरक एवढाच की सागरवेणीत बाजूचा पेड मधल्या पेडावरून जातो, येथे तो खालून जातो, म्हणून वेणी डोक्यावर उठून दिसते. इंग्रजीत तिला कॉर्नरो, म्हणजे मक्याची ओळ म्हणतात. ज्या कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून गुलाम करून नेलेली माणसे उसाच्या मळ्यांत राबली, तेथे याच वेणीचे नाव केनरो, उसाची ओळ, असे पडले.

पूर्ण डोके व्हायला कित्येक तास लागतात. पण मग चार ते आठ आठवडे फणीची गरज नाही. मधूनमधून टाळू धुवायची, तेल लावायचे, रात्री गुळगुळीत रेशमी रुमाल बांधून झोपायचे. वेणीने केस लवकर वाढतो ही समजूत मात्र खरी नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, वेणी असो वा नसो. वेणीत तो तुटत नाही, म्हणून लांबी टिकते.

एक गणित मुलांनी करून पाहावे. निरोगी माणसाचे रोज ५० ते १०० केस आपोआप गळतात. वेणीत ते आतच अडकून राहतात. सहा आठवड्यांनी वेण्या सोडल्यावर किती केस हातात येतील? उत्तर २१०० ते ४२००. मूठभर केस पाहून घाबरण्याचे कारण नाही, ते इतक्या दिवसांचे साठलेले असतात.

इतिहासात तुम्ही मलिक अंबर वाचलात. तो ज्या हबश देशातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून आला, तेथे या वेण्यांना शुरुबा म्हणतात आणि केसांना लोणी लावण्याची रीत आजही आहे. तेथील सम्राट चौथे योहानेस (राज्यकाल १८७२ ते १८८९) यांच्या चित्रांतही डोक्यावर अशाच वेण्या दिसतात; हसणाऱ्या मुलग्यांनी हे ध्यानात घ्यावे. नामिबियातील हिंबा स्त्रिया लोणी आणि लाल गेरूचा लेप केसांना देतात. नायजेरियाचे छायाचित्रकार ओखाई ओजेकेरे यांनी १९६८ पासून आपल्या देशातील केशरचनांची शेकडो छायाचित्रे काढून ठेवली. ती पाहिली तर हसू येणार नाही.

आता अवघड भाग. वेणी केस राखते ती सैल असेल तरच. मुळापाशी ताण राहिला तर आधी दुखते, बारीक पुटकुळ्या येतात, मग कानशिलाजवळचे केस विरळ होतात. वेळीच ताण काढला तर केस परत येतात. वर्षानुवर्षे तसेच चालले तर येत नाहीत. हा दोष आफ्रिकी केसांचाच नव्हे. १९०७ मध्ये त्याची नोंद झाली ती ग्रीनलँडमधील, केस वर ओढून घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांवरून.

हे वाचताना आम्हांला आमच्याच शाळेतील सहावीची एक मुलगी आठवली. केस दाट, अतिशय कुरळे. 'घट्ट बांधलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी' या नियमात ते बसत नाहीत, म्हणून तपासणीत तिला आम्ही दोनदा वर्गाबाहेर उभे केले. आई रोज सकाळी जोर लावून वेण्या घाली. तिच्या कानशिलांवरचे केस विरळ झालेले आम्ही पाहिले होते. कारण आता कळले. ऑगस्ट २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे मुलींच्या एका शाळेत केसांच्या नियमांविरुद्ध विद्यार्थिनी उभ्या राहिल्या आणि प्रांताच्या शिक्षण खात्याला ते नियम स्थगित करायला लावावे लागले. आमची विद्यार्थिनी काही बोलली नाही. तिच्या आईची आम्ही भेट घेतली आहे.

नियमातून 'घट्ट' हा शब्द काढावा आणि कुरळ्या केसांच्या मुलींना एक वेणी किंवा बारीक वेण्या चालाव्यात, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळाच्या पुढील सभेत मांडत आहोत. पालकांनी आपल्या सूचना त्यापूर्वी लेखी स्वरूपात कार्यालयात द्याव्यात.