झोपाळे मोजू नका

प्रश्न : माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. केस कापायला नेलं की आकांत करतो, चमचा धरत नाही, कुणाचा ओला हात लागला तरी चिडतो. डॉक्टरांनी ‘ओटी’ लिहून दिली. मी घाबरलेच, ऑपरेशन की काय! नंतर कळलं, ती ऑक्युपेशनल थेरपी. घराजवळ दोन सेंटर आहेत. एकात झोपाळे, रंगीत चेंडूंचा हौद. दुसऱ्यात सतरंजी, एक झोळी आणि चार डबे. सुनेला पहिलं आवडलंय. कसं ठरवायचं?
– एक आजी, नाशिक

उत्तर : तुम्ही दचकलात यात नवल नाही. त्यात ‘व्यवसायोपचार’ हा मराठी शब्द आणखी चकवतो. साडेतीन वर्षांच्या पोराचा व्यवसाय तो कसला? जेवणं, खेळणं, चड्डी वर ओढणं. उपचार होतो तो याच कामांसाठी. जन्माने अमेरिकन आणि सासरच्या नात्याने मराठी असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची भारतातली पहिली शाळा सुरू केली. म्हणजे हे काही कालपरवाचं खूळ नव्हे.

आता झोपाळ्यांचं. ते निरुपयोगी नसतात. स्पर्श, आवाज, हालचाल यांचा मेळ मेंदूत नीट बसत नाही अशा काही मुलांसाठी झोका मुद्दाम वापरतात. पण कुणाला, किती वेळ आणि कशासाठी झुलवायचं, हे ठरवणारं माणूस महत्त्वाचं. नाहीतर तो बागेतलाच झोका, फक्त पैसे मोजून घेतलेला.

म्हणून पहिल्या भेटीत खोली बघू नका, प्रश्न ऐका. चांगली थेरपिस्ट तुम्हालाच विचारत बसेल : सकाळी दात कोण घासून देतं? वरणभात चालतो की फक्त कोरडं खातो? न्हाव्याच्या मशीनचा आवाज नको असतो की मानेवर पडणारे केस? नातवाला ती जिना चढायला लावेल, मणी ओवायला देईल. मग एखादं साधं उद्दिष्ट सांगेल, जसं की तीन महिन्यांत चार घास स्वतःच्या हाताने. ‘सहा महिन्यांत एकदम नॉर्मल करून देतो’ म्हणणाऱ्याकडून चहाही न घेता उठा.

थेरपिस्टची पदवी आणि या उपचारासाठीच्या महाराष्ट्राच्या परिषदेकडची नोंदणी विचारा. त्यात संकोच कसला? मूल्यमापन एकाने करायचं आणि नंतर मूल दुसऱ्याच शिकाऊ हातात द्यायचं, असंही चालतं, तेव्हा तेही विचारून घ्या. फी झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. तिथे उपचार मोफत असतात.

मला सगळ्यात खटकतं ते बंद दार. पालकांनी बाहेर बसायचं, पाऊण तासाने मूल ताब्यात घ्यायचं. अहो, आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास, उरलेला आठवडा नातू तुमच्या स्वयंपाकघरात! आज काय केलं आणि घरी काय करायचं, हे दर वेळी निघताना सांगत असतील तर सतरंजीवालं सेंटरही मी आनंदाने निवडेन. सुनेला मात्र हे तुम्ही सांगू नका, तिलाच पहिल्या भेटीला आत बसू द्या. आणि जाताना नातवाची घरची ताटली-चमचा पिशवीत टाका; ती कुणी मागून घेतं का, बघा.