‘बोल’ म्हणणं थांबव

पुणे

चि. मृणाल,

परवा फोनवर म्हणालीस, “आत्या, साडेतीन वर्षांचा झाला, पण काहीच सांगत नाही गं.” मग तू पाठवलेला स्वयंपाकघरातला व्हिडिओ पाहिला. त्यात ईशान तुझं मनगट धरून तुला फ्रिजपाशी ओढत नेतो, तुझा हात दारावर ठेवतो आणि म्हणतो, “ताक हवं का तुला?” याला काहीच न सांगणं म्हणायचं? वस्तू सांगितली, ती कुठे आहे ते दाखवलं आणि कुणी काढून द्यायची तेही त्यानेच ठरवलं. सांगतोय तो. फक्त आपल्या पद्धतीने सांगत नाही.

वाक्य उलटं का येतं, ते समजून घे. ताक मिळण्याच्या आधी दर वेळी त्याच्या कानावर हेच शब्द पडलेत, म्हणून त्याने ते अख्खे उचलले. त्यात ‘तुला’ आहे, ‘का’ आहे, याची फोड त्याने अजून केलेली नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली बाल्टिमोरमध्ये ईशानसारख्याच ऑटिझम असलेल्या अकरा मुलांची निरीक्षणं लिहिली. त्यातली बोलणारी मुलंही ‘मी’ आणि ‘तू’ ऐकले तसेच म्हणत, आणि ‘हो’ म्हणायच्या जागी विचारलेला प्रश्नच परत म्हणत. पुढे कितीतरी वर्षं या पुनरुक्तीला निरर्थक बडबड समजून ती बंद पाडण्याचे उद्योग झाले. १९८०च्या सुमारास बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या अभ्यासकांनी बारकाईने ऐकलं तेव्हा दिसलं की मुलं त्या वाक्यांनी मागतात, होकार देतात, आपली पाळी घेतात, स्वतःला धीरही देतात.

तेव्हा तो “ताक हवं का तुला?” म्हणाला की ‘मला म्हण, मला!’ असं दटावू नकोस. त्याच्या तोंडी जे शोभेल ते तू म्हण, “ताक हवं,” आणि लगेच दे. आपल्या मराठीत ही सोय चांगली आहे. ‘ताक हवं’, ‘दार उघड’, ‘नको’, ‘संपलं’ यांत मी-तूची भानगडच नाही. ‘मला’ मागाहून येईल.

आता थोडं कडक बोलते. खेळतानाच्या व्हिडिओत तू सतत परीक्षा घेतेस. हा कोण? रंग कुठला? काऊ कसा ओरडतो? बोल ना, बोल! उत्तर तुला ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक आहे हे त्यालाही कळतं. मग त्याने तुझ्याशी बोलायचं कशाला? त्याच्यासमोर जमिनीवर बस, तोंड दिसेल अशी. तो गाड्यांची रांग लावत असेल तर तूही एक गाडी लाव. “लाल गाडी,” म्हण. गाडी पडली तर “धडाम्!” आणि मग गप्प बस. मनात दहा आकडे मोज. हे थांबणं आयांना सगळ्यात जड जातं, कारण शांतता झाली की आपण काही करत नाही असं वाटतं. पण या मुलांना ऐकलेलं पोचायला आणि स्वतःचं बाहेर काढायला वेळ लागतो. तो वेळ आपण दुसरा प्रश्न विचारून खाऊन टाकतो.

मागण्याची गरज पडेल अशी घरात थोडी रचना कर. चुरमुरे घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेव. झोपाळ्याला झोका देताना “एक, दोन...” म्हणून थांब. त्याने तुझ्याकडे पाहिलं, हात हलवला, नुसता आवाज काढला तरी ते मागणंच आहे, झोका दे. शब्द येईपर्यंत मात्र अडवून धरू नकोस. भुकेल्या मुलाला ‘आधी नीट बोल, मग देते’ म्हणणं मला क्रूर वाटतं, आणि त्याने बोलणं वाढत नाही, रडणं वाढतं.

शाळा इंग्रजी म्हणून घरातही इंग्रजीच बोला, हा सल्ला तुला कुणी दिला असेल तो दिला असेल, सोडून दे. दोन भाषा कानावर पडणारी ऑटिस्टिक मुलं एकच भाषा ऐकणाऱ्यांपेक्षा मागे पडतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुमच्या घरात दिवसभर त्याच्यापाशी असतात तुझ्या सासूबाई. त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून त्या बिचाऱ्या गप्प बसायला लागल्या, असं तूच म्हणालीस. म्हणजे सगळ्यात जास्त बोलणारं माणूस आपण त्याच्यापासून काढून घेतलं. त्यांना म्हणावं, आपडी-थापडी खेळा, चिऊ-काऊची गोष्ट रोज तशीच सांगा आणि त्याला आवडणाऱ्या जागी थांबा.

चित्रं वापरून मागायला शिकवण्याबद्दल तुझी भीती अशी की चित्र दाखवून काम झालं तर तो बोलायचा कंटाळा करील. २००६ साली विकासात्मक अक्षमता असलेल्या २७ जणांच्या नोंदी अमेरिकेत कसून तपासल्या गेल्या. चित्रं, खुणा किंवा यंत्रं वापरून एकाचंही बोलणं घटलं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. अमेरिकेतल्याच आणखी एका अभ्यासात, चार वर्षांपर्यंत शब्द जोडून न बोलणाऱ्या ५३५ मुलांपैकी सुमारे ७० टक्के आठव्या वर्षापर्यंत किंवा त्यानंतर शब्द जोडायला लागली होती. उरलेली लागली नव्हती. ईशान कुठल्या गटात जाईल हे आज कुणीच सांगू शकत नाही, म्हणूनच चित्रं आज सुरू करायची. पण तक्ता भिंतीवर चिकटवून ‘दाखव बघू’ म्हणायचं नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत इथेच गाडी अडते. बॉन्डी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५मध्ये बसवलेल्या पद्धतीत मूल चित्र उचलून समोरच्याच्या हातात देतं. सुरुवातीला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर चुरमुरे घेऊन, दुसरं मागे बसून मुलाचा हात न बोलता चालवणारं. मागे नवऱ्याला बसव. पुढे मोबाइलवर मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांचं अ‍ॅप बघ, ते फुकट आहे आणि मराठीतही आहे.

बाकीचं भराभर सांगते. कानांची तपासणी, ‘बेरा’ चाचणीसकट, झाली नसेल तर आधी ती कर. ‘हाक मारली तर बघत नाही’ एवढ्यावर कान चांगले की वाईट ते ठरत नाही. वेखंड उगाळून जिभेवर लावल्याने काही होणार नाही, आणि डॉक्टरांनी कारण दाखवल्याशिवाय जिभेखालची शीर कापू द्यायची नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणणाऱ्या नातेवाइकांशी वाद घालू नकोस, वेळ जातो. स्टेम सेल उपचारांची जाहिरात करणाऱ्यांच्या दारात मात्र उभी राहू नकोस. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानेच २०२२ साली ऑटिझमसाठी ते उपचार नकोत असं सांगितलं आहे. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, तेव्हा प्रमाणपत्र काढून ‘निरामय’ विम्याचा अर्ज कर. एक लाखापर्यंतचा आहे, त्यातून थेरपीचा काही खर्च निघतो.

थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेली आहे ना, ते विचार. तिला हा फ्रिजचा व्हिडिओ दाखव. आठवड्यातून पाऊण तास तिच्याकडे जातो, बाकीचा सगळा वेळ तुमच्यात असतो. तेव्हा ती काय करते ते तुला आणि सासूबाईंना दिसलं पाहिजे. येत्या शनिवारी दोघीही आत बसा. दार लावून घेऊन आईला बाहेर बसवणारी थेरपिस्ट असेल, तर दुसरी शोध.

तुझी,
आत्या