हृदयातील कॅल्शियमचा आकडा

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या तपासणीच्या अहवालात 'कॅल्शियम स्कोअर ४२' असे लिहून आले, की पहिला प्रश्न निघतो, "म्हणजे बेचाळीस टक्के ब्लॉक?" नाही. हा आकडा टक्क्यांचा नाहीच. मग तो येतो कसा? हे समजण्यास तुमच्याजवळचे पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते हृद्रोहिणींमधून. या रोहिणींच्या भिंतीत वर्षानुवर्षे मेद साचतो आणि त्या थरांत पुढे हाडातल्यासारखे कॅल्शियम फॉस्फेट बसते. पाणी तापवण्याच्या बंबात क्षार धरतो तसाच हा प्रकार असेल, असे वाटते. पण बंबातला क्षार आतल्या पृष्ठभागावर चढतो. हे कॅल्शियम भिंतीच्या जाडीत असते. भिंत बाहेरच्या अंगाने फुगते आणि रक्ताची वाट बरीचशी मोकळीच राहते, असेही पुष्कळदा घडते. हा फरक ध्यानात ठेवा.

कॅल्शियमचा अणुक्रमांक २०, ऑक्सिजनचा ८. प्रकाशविद्युत परिणामामुळे होणारे क्ष-किरणांचे शोषण अणुक्रमांकाबरोबर फार झपाट्याने वाढते. म्हणून सीटी स्कॅनच्या चित्रात कॅल्शियम पांढरेशुभ्र दिसते. हे शोषण मोजण्याच्या मापाला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव आहे. त्यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते अ‍ॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर. कॉरमॅक हे पदार्थविज्ञानाचे अध्यापक. माझ्यासारख्या त्याच पेशातल्या माणसाला याचे जरा अधिकच कौतुक! या मापात पाणी ०, हवा उणे १०००. १३० अंक म्हणजे पाण्यापेक्षा शोषण गुणांक १३ टक्क्यांनी जास्त. हृदय सतत हलते, म्हणून विद्युत्‌हृदयालेखाच्या इशाऱ्यावर, दोन ठोक्यांमधल्या शांत क्षणी चित्र घेतात.

१९९० साली आर्थर अ‍ॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजणीचा नियम मांडला. रोहिणीतील जो ठिपका १३० अंक किंवा अधिक भरेल, तो कॅल्शियमचा. त्याचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये काढायचे आणि त्याला गुणकाने गुणायचे. ठिपक्यातील कमाल अंक १३० ते १९९ असल्यास गुणक १, २०० ते २९९ ला २, ३०० ते ३९९ ला ३, आणि ४०० पासून पुढे ४. सर्व छेदांतील सर्व ठिपक्यांची बेरीज म्हणजे स्कोअर. समजा, एक ठिपका ५ चौरस मि.मी., कमाल अंक २५०. दुसरा ८ चौरस मि.मी., कमाल अंक ४२०. तर ५ × २ + ८ × ४ = ४२.

आता जरा चिकित्सक नजरेने पाहा. ६ चौरस मि.मी.च्या ठिपक्याचा कमाल अंक १९९ असेल तर गुण ६, आणि २०० भरला तर एकदम १२! अंकातला एकाचा फरक तर यंत्राच्या गोंगाटामुळेही पडू शकतो. याहून मोठा पेच पुढेच आहे. दाट कॅल्शियमला अधिक गुण, म्हणजे त्याचा धोका अधिक, असे हा नियम गृहीत धरतो. परंतु २०१४ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत उलटे दिसले: साठ्याचे आकारमान सारखे असता, तो जितका दाट तितका धोका कमी. दाट साठा बहुधा जुना, स्थिरावलेला; फुटण्याचे भय अधिक ते मऊ मेदाच्या थराला.

तरीही हा आकडा कामाचा आहे. रोग भिंतीत किती पसरला याचा तो अंदाज देतो. ० आल्यास पुढच्या काही वर्षांतील झटक्याचा धोका बराच कमी, ४०० च्या पुढे तो पुष्कळच वाढलेला. मात्र ० म्हणजे अभयपत्र नव्हे. मऊ मेद या चित्रात दिसतच नाही. छातीत दुखत असेल तर जुन्या अहवालातले शून्य दाखवत घरी बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

आणि वाट किती अरुंद झाली, हे पाहायचे असेल तर? त्यासाठी शिरेतून आयोडीनयुक्त द्रव सोडून वेगळा सीटी स्कॅन करतात. आयोडीनचा अणुक्रमांक ५३. आयोडीनच का निवडले असेल, ते वहीत लिहून तुमच्या सरांना दाखवा.