धर्मग्राम : परक्यांचे घर

(अभ्यासासाठी शास्त्रभाग : प्रेषितांची कृत्ये २:४१-४७; १ करिंथ ११:१७-३४; १ पेत्र २:११-१२)



'आमची पॅरिश' हे शब्द कॅथलिक माणसाच्या तोंडी अगदी सहज येतात. वसईकडे त्यासाठी 'धर्मग्राम' असा नेटका मराठी शब्द रूढ झाला आहे. ग्राम म्हटले की वेस आली, आणि वेस आली की आतले आपले व बाहेरचे परके हा भेदही आला. म्हणूनच पॅरिश ह्या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेच्या वर्गात प्रथम ऐकले तेव्हा मी चकित झालो होतो. तो शब्द आला आहे 'पारोइकिया' ह्या ग्रीक शब्दापासून. 'पारा' म्हणजे शेजारी, लगत. 'ओइकोस' म्हणजे घर. घराच्या लगत राहतो, परंतु घरचा नाही, तो 'पारोइकोस'. नगरात त्याचा मुक्काम असतो, पण नागरिकत्वाचा हक्क नसतो. अशा मनुष्याचा मुक्काम म्हणजे 'पारोइकिया'. गावकऱ्यांची वस्ती आणि परक्यांचा मुक्काम, ह्या दोन परस्परविरुद्ध कल्पना आपण एकाच संस्थेच्या नावात बाळगून आहोत!

हा शब्द पवित्र शास्त्रात कोठून आला ते पाहा. सारा मरण पावली तेव्हा तिला पुरण्यासाठी अब्राहामाजवळ वीतभरही जमीन नव्हती. हेथच्या वंशजांपुढे उभा राहून, आपण तुमच्यामध्ये परके व उपरे आहोत, असे तो सांगतो (उत्पत्ती २३:४). जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ह्या ठिकाणी 'पारोइकोस' व 'पारेपिदेमोस' असे दोन शब्द जोडीने येतात. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (२:११) हीच जोडी उचलतो आणि ख्रिस्ती वाचकांना लावतो. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला पत्र पाठविले. ते क्लेमेंतचे पत्र म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या आरंभी दोन्ही मंडळ्यांचे वर्णन, त्या त्या नगरात परकी म्हणून मुक्काम करणारी देवाची मंडळी, असेच केले आहे.

कोणी विचारील, मग इफिस २:१९ चे काय? तेथे तर पौल सांगतो की, तुम्ही आता परके व उपरे राहिला नाहीत, देवाच्या घरचे झाला आहात. विरोध वाटतो खरा, पण तो वरवरचा आहे. जगाच्या दारी जे उपरे, तेच देवाच्या घरी घरचे. घरचे झाल्यावर मात्र मनुष्य आपले उपरेपण विसरतो, आणि दाराशी नवा उपरा आला की त्याला ओळखत नाही.

पुढे ख्रिस्ती धर्म स्थिरावला, मुक्कामाचे गाव झाले. त्रेंतच्या परिषदेने १५६३ साली बिशपांना आज्ञा केली की, लोकांची निश्चित धर्मग्रामांत विभागणी करून प्रत्येकास स्वतःचा कायम धर्मगुरू द्यावा. ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायदेसंहितेत धर्मग्राम म्हणजे धर्मप्रांताच्या प्रदेशाचा एक भाग, असाच विचार होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आलेल्या १९८३ च्या संहितेने (कलम ५१५) हा क्रम पालटला. तिच्या मते धर्मग्राम म्हणजे प्रथम श्रद्धावंतांचा समुदाय. भौगोलिक हद्द सर्वसाधारण नियम म्हणून राहिली (कलम ५१८), परंतु ती दुसऱ्या स्थानी गेली.

येथे माझे एक मत नोंदवितो. हद्दीची चेष्टा करण्याची आजकाल पद्धत आहे. मला ती मान्य नाही. हद्द असते म्हणूनच धर्मग्राम हे आवडीच्या माणसांचे मंडळ होत नाही. हद्दीत जो राहतो तो आपला, मग त्याची भाषा, जात किंवा मिळकत कोणतीही असो. त्याच संहितेचे कलम ५२९ धर्मगुरूला सांगते की, गरीब, पीडित, एकाकी आणि मायभूमीपासून दुरावलेले ह्यांच्याकडे त्याने विशेष कष्ट घेऊन जावे. हद्द बाहेरच्याला अडविण्यासाठी नसून आतल्या प्रत्येकाचे दायित्व धर्मग्रामावर टाकण्यासाठी आहे.

प्रत्यक्षात काय घडते? सुमारे पंधरा वर्षांपूर्वी अनुवादाच्या कामासाठी महाराष्ट्राबाहेरील एका मोठ्या शहरात मला पाच आठवडे राहावे लागले. जवळच्या धर्मग्रामात मी दर रविवारी मिस्सेला जात असे. उपासना अतिशय शिस्तबद्ध होती. गायनवृंद उत्तम, वाचने स्पष्ट, प्रवचन अभ्यासपूर्ण. शांतीचे चिन्ह देताना शेजारचे गृहस्थ हात जोडून किंचित मान लववीत. पाच रविवारांत कोणी माझे नाव विचारले नाही. मनातल्या मनात मी त्या लोकांवर एक लेखच लिहून काढला होता!

पाचव्या रविवारी बाहेर पडताना मागच्या खांबापाशी उभ्या असलेल्या एका तरुण मुलीने हिंदीत विचारले, "अंकल, तुम्ही इथे नवीन आहात ना?" ती झारखंडमधील गुमला जिल्ह्यातली होती, एका कुटुंबात घरकाम करीत होती. दोन वर्षांपासून ती त्याच खांबापाशी उभी राहत आली होती. मी विचारले, "बेटी, इथल्या रजिस्टरमध्ये तुझे नाव आहे का?" नव्हते. कार्यालयातल्या अर्जावर कुटुंबप्रमुखाचे नाव लिहावे लागते, आणि तिचे कुटुंब तर गावी. मालकांचे नाव लिहावे, तर ते ख्रिस्ती नव्हते.

वाचकहो, पाच रविवार मी त्या धर्मग्रामाला दोष देत होतो; पण त्या खांबापाशी उभी असलेली मुलगी मला तरी कुठे दिसली होती? तिला मात्र मी दिसलो होतो.

आता करिंथकडे वळू या, कारण तेथे नेमका हाच प्रश्न उपासनेच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. करिंथकर प्रभुभोजनासाठी एकत्र येत. ते भोजन खऱ्याखुऱ्या जेवणासोबत होत असे. ज्यांना सवड होती ते आपापले जेवण आधीच उरकीत. ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत. एक भुकेला, तर दुसरा मद्याने झिंगलेला. पौलाने ह्यास शिष्टाचारातील उणीव म्हटले असते, तर आपल्याला सोपे गेले असते. परंतु तो म्हणतो की, तुमचे हे एकत्र येणे प्रभुभोजन नव्हेच (११:२०). विधी यथासांग झाला असेल, शब्दही बरोबर उच्चारले गेले असतील. तरी ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजविले गेले, म्हणून ते भोजन प्रभूचे राहिले नाही.

ह्या अध्यायात अनुवादकाला थांबविणाऱ्या दोन जागा आहेत. पहिली, वचन २९. 'शरीर' न ओळखता जो खातो तो आपल्यावर दंड ओढवून घेतो, असे तेथे म्हटले आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत केवळ 'शरीर' असा शब्द आहे. नंतरच्या हस्तलिखितांत 'प्रभूचे' हा शब्द जोडलेला आढळतो. कोणते शरीर? वेदीवरील भाकरीत आपण ज्या शरीराचा स्वीकार करतो ते, की मंडळीरूपी शरीर, ज्याविषयी पौल पुढच्याच अध्यायात विस्ताराने बोलतो? माझ्या अल्पमतीप्रमाणे पौलाने येथे दार मुद्दाम उघडे ठेवले आहे, आणि अनुवादकाने ते बंद करू नये. एकच भाकर आहे म्हणून आपण पुष्कळ असून एक शरीर आहोत, हे त्याने १०:१७ मध्ये आधीच सांगितले आहे. भाकरीतील ख्रिस्तशरीरापुढे गुडघे टेकून, खांबापाशी उभ्या असलेल्या त्याच शरीराच्या अवयवाला न ओळखणे, ह्याला पौल 'शरीर ओळखणे' म्हणणार नाही.

दुसरी जागा वचन ३३ ची. तेथील 'एक्देखेस्थे' ह्या क्रियापदाचा अर्थ आपण 'वाट पाहा' असा करतो. नव्या करारात इतरत्र तो अर्थ आहेच (१ करिंथ १६:११, याकोब ५:७). परंतु इतर ग्रीक लिखाणात ह्याच शब्दाचा अर्थ 'स्वीकार करणे, पाहुणा म्हणून घरात घेणे' असाही होतो. पहिल्या अर्थाने उशिरा येणाऱ्या मजुरासाठी थांबायचे. दुसऱ्या अर्थाने त्याला आपल्या पंक्तीत बसवायचे. आपल्याकडे पाहुण्याची वाट पाहणारा यजमान ताट वाढून घेत नाही, म्हणून मला 'वाट पाहा' हेच शब्द पुरेसे वाटतात. मात्र ते वाचताना पंक्तीचे चित्र डोळ्यांपुढे असावे.

प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिल्या मंडळीच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : प्रेषितांची शिकवण, 'कोइनोनिया', भाकर मोडणे आणि प्रार्थना. ह्यांतील 'कोइनोनिया' ह्या शब्दासाठी सहवास, संगती, सहभागिता असे मराठी पर्याय आहेत. सगळेच थोडे पातळ वाटतात. लूक ५:१० मध्ये याकोब व योहान हे शिमोनाचे 'कोइनोनोइ' होते असे म्हटले आहे, म्हणजे मासेमारीच्या धंद्यातले भागीदार. भागीदारीत नफा वाटून घ्यावा लागतो आणि तोटाही. जाळे रिकामे आले तर सर्वांचेच रिकामे. हे कोळीवाड्यातील वाचकांना समजावून सांगायला नको. हाच शब्द पौल ख्रिस्ताच्या रक्ताशी व शरीराशी असलेल्या सहभागितेसाठी वापरतो (१ करिंथ १०:१६), आणि यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीसाठीही (रोम १५:२६). इतकेच काय, २ करिंथ ९:१२ मध्ये त्या वर्गणीच्या सेवेला त्याने 'लेइतुर्गिया' म्हटले आहे, ज्या शब्दापासून उपासनाविधीला 'लिटर्जी' हे नाव मिळाले. आपण वेदीचा विभाग आणि दानधर्माचा विभाग निरनिराळे केले. पौलाजवळ दोहोंसाठी शब्द एकच होते.

सुमारे १५५ साली रोममध्ये जस्टिन ह्या विद्वानाने बादशहाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. नगरातले व खेड्यांतले सर्व एकत्र जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात. अध्यक्ष बोध करतो. सर्व उभे राहून प्रार्थना करतात. भाकर, द्राक्षारस व पाणी आणले जाते. उपकारस्तुतीला लोक 'आमेन' म्हणतात. मग वाटप होते, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक त्यांचा वाटा घेऊन जातात. आजच्या मिस्सेशी हे किती जुळते पाहा! मधल्या काळात हरवलेली श्रद्धावंतांची प्रार्थनादेखील ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने (क्र. ५३) परत आणली. परंतु जस्टिन एवढ्यावर थांबत नाही. जमा झालेला पैसा अध्यक्षाजवळ ठेवला जातो, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व तेथे मुक्कामास आलेले परके ह्यांचा सांभाळ होतो, असे तो सांगतो. ह्या परक्यांसाठी त्याने वापरलेला शब्द 'पारेपिदेमोस' हाच आहे, अब्राहामाने स्वतःसाठी वापरलेला.

आपल्या धर्मग्रामांत हे सर्व नाहीसे झाले आहे असे मी मुळीच म्हणत नाही. मिस्सेनंतर आजाऱ्यांकडे ख्रिस्तशरीर घेऊन जाणारे बंधुभगिनी आहेत. पॅरिसमध्ये १८३३ साली सुरू झालेल्या संत व्हिन्सेंट दि पॉल संस्थेचे सभासद आजही गरिबांच्या दारी जातात. आशियातील बिशपांनी १९९० साली बांडुंग येथे धर्मग्राम म्हणजे लहान समूहांचा समूह, अशी दृष्टी मांडली. तिच्यामुळे वाड्यावस्त्यांवरील लहान ख्रिस्ती समूहांना जोर मिळाला. ह्या समूहांत शास्त्रवाचनाची सात पायऱ्यांची पद्धत वापरतात. ती दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेकडून आली. तिची सहावी पायरी आहे : प्रभू आता आपल्याकडून काय करवू इच्छितो? माझा अनुभव असा की, पाचव्या पायरीनंतर चहा येतो!

त्या शहरातून परतल्यावर मी आमच्या स्वतःच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात जाऊन नोंदणीचा अर्ज मागून घेतला. पहिलाच रकाना कुटुंबप्रमुखाचा. वीस वर्षे मी त्या कार्यालयात येत-जात होतो. पालकीय मंडळाच्या बैठकीत विषय काढला तेव्हा आक्षेप आले, आणि ते खोटे नव्हते : नोंद केली की उद्या लग्नासाठी दाखला मागतील, पूर्वीच्या धर्मग्रामाचे पत्र नसताना आपण कसा देणार? बरीच चर्चा होऊन शेवटी एकटे राहणाऱ्यांसाठी वेगळी वही ठेवण्याचे ठरले. नाव, मूळ गाव, तेथील धर्मग्राम, आणि आजारपणात कोणाला कळवावे. वसतिगृहांतील मुली, इमारतींचे रखवालदार, घरकाम करणाऱ्या बाया, रुग्णालयांतल्या परिचारिका अशांची नावे तीत येऊ लागली. शेवटचा रकाना पुष्कळांनी कोराच ठेवला. तो कसा भरावा, ह्यावर आमच्या मंडळात अजून एकमत झालेले नाही.

गटाने अभ्यास करणार असाल तर प्रथम १ करिंथ ११:१७-३४ दोनदा मोठ्याने वाचावे, आणि 'कोइनोनिया'साठी आपापल्या बोलीत, म्हणजे वाडवळी, सामवेदी, कोळी किंवा नगरी, कोणता शब्द सापडतो ते शोधावे. इतर मंडळ्यांतील वाचकांनी धर्मग्रामाच्या जागी आपली स्थानिक मंडळी धरावी. दिल्ली, बंगलोर, इंदूर अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी बांधवांनी आपल्या पहिल्या रविवारी आपल्याशी कोण बोलले, हे गटाला सांगावे. त्यानंतर आपल्या नोंदवहीत कोणाचे नाव येऊ शकत नाही व ते कोणत्या रकान्यामुळे, ह्याची यादी करून ती धर्मगुरूंना किंवा पाळकांना नेऊन द्यावी.