खारें पाणी, गोडें पाणी आणि चोपण जमीन

आमच्या महसुली नोकरींत पीकपाहणीच्या कागदांवर ‘खारपड’ हा शेरा आम्हीं पुष्कळदां लिहिला. पण त्याचें मर्म पेन्शन घेतल्यावर स्वतःच्या दोन एकर काळ्या रानानें शिकविलें. खार वर आला तेव्हां आम्हीं वाफे बांधून कालव्याचें गोडें पाणी भरपूर सोडलें. पांढरा थर गेला, परंतु जमीन अधिकच बिघडली. पाणी आठ-आठ दिवस तुंबून राही, चिखल साबणासारखा निसरडा होई व वाळल्यावर दगडासारखा बने. असें कां व्हावें?

काळ्या मातीचे चिकणकण अत्यंत सूक्ष्म व चपटे असून त्यांवर ऋण विद्युद्भार असतो. म्हणून ते पाण्यांत एकमेकांस दूर लोटतात. पाण्यांत क्षार पुरेसे असले म्हणजे ही लोटण्याची शक्ति आखडते, कणांचे पुंजके बनतात व पुंजक्यांमधील फटींतून पाणी वाहतें. क्षार धुऊन गेले, पण सोडियम कणांस चिकटून राहिला, कीं पुंजके विस्कटतात, सुटे कण फटी बुजवितात आणि निचरा बंद पडतो. कॅल्शियमवर दुहेरी भार असल्यानें तो अल्प प्रमाणांतही कणांस एकत्र आणतो. दुहेरी भाराचें हें सामर्थ्य शुल्झ यांनीं १८८२ सालीं व हार्डी यांनीं १९०० सालीं दाखविलें.

वाचकांनीं घरीं प्रयोग करून पाहावा. चोपण माती पावसाच्या पाण्यांत ढवळून तें गढूळ पाणी तीन कांचेच्या पेल्यांत ओतावें. पहिला तसाच ठेवावा; दुसऱ्यांत मूठभर मीठ व तिसऱ्यांत चमचाभर जिप्समची पूड घालून ढवळावें. पहिला दुसऱ्या दिवशींही गढूळच राहील. बाकीचे दोन निवळतील. आतां या दोहोंतील वरचें पाणी काढून पावसाचें पाणी घालावें व ढवळावें. असें दोन-तीनदां केल्यावर मिठाचा पेला पुन्हां गढूळ राहूं लागेल. जिप्समचा मात्र निवळेल. आमच्या रानांत मिठाच्या पेल्यासारखेंच घडलें होतें.

तात्पर्य, क्रम चुकवूं नये. प्रथम निचऱ्याचे चर खणावे. नंतर माती तपासून ठरेल तितकें जिप्सम वरच्या थरांत मिसळावें. मगच पाणी सोडावें, म्हणजे सुटलेला सोडियम चरांवाटे निघून जाईल. एक लिटर पाण्यांत जिप्सम सुमारें अडीच ग्रॅमच विरघळतें, म्हणून उतावीळ होऊं नये. आम्हीं घाई केली व दोन हंगाम गमावले. आमच्या शेतकरी बंधूंनीं तरी ते गमावूं नयेत.