रोज गोळी कशासाठी?

"डॉक्टर, मला तर बरे वाटते, मग रोज गोळी कशासाठी?" नऊ वर्षांच्या मुलाने विचारले आणि आजीने मान खाली घातली. एचआयव्हीबाधित बालकाच्या उपचारात औषधाइतकेच या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे असते.

आपल्या देशात एआरटी औषधे शासनातर्फे २००४ पासून विनामूल्य मिळू लागली; बालकांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम २००६ मध्ये सुरू झाला. उपचाराअभावी सुमारे निम्मी बाधित अर्भके दोन वर्षांच्या आत दगावतात. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून केवळ प्रतिपिंड चाचणीवर विसंबून न राहता सहाव्या आठवड्यात पीसीआर चाचणी करावी आणि कोट्रायमॉक्साझोलही तेव्हाच सुरू करावे.

प्रत्येक भेटीत वजन घ्यावे, कारण मात्रा वजनानुसार बदलते. आईवडील व मूल यांची तपासणी शक्यतो एकाच दिवशी व्हावी. चुकलेल्या गोळ्यांची चौकशी न रागावता करावी.

शालेय वयाच्या मुलांना आजाराची कल्पना टप्प्याटप्प्याने द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सुचविले. मात्र ही माहिती त्या कुटुंबाची ठेव आहे. संमतीविना ती इतरांस सांगण्यास २०१७ चा कायदाही मनाई करतो. जामबागेतील आपल्या मंडळींनीही शेजारधर्म पाळताना हे स्मरावे.

त्या मुलाला मी म्हटले, "तुझ्या रक्तातले शिपाई थकू नयेत म्हणून." आजाराचे नाव पुढे सांगू, पण खोटे काही सांगितले नव्हते.